डॉ. गुड यांच्या खोलीत नेमके काय चुकते?

गेल्या अंकात या सदरात 'हेड केस' या अमेरिकी विनोदी मालिकेची थोडक्यात ओळख करून दिली होती. 'स्टार्झ' या वाहिनीवर २००७ ते २००९ या काळात ती दाखवली गेली. लॉस एंजेलिसमधील डॉ. एलिझाबेथ गुड या थेरपिस्टकडे, म्हणजे संवादातून मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे, चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या क्षेत्रातील नामवंत मंडळी उपचारांसाठी येतात आणि या बाई आपल्या व्यवसायातले जवळपास प्रत्येक पथ्य मोडतात, एवढेच तिचे कथासूत्र आहे. त्या मजकुरावर वाचकांची बरीच पत्रे आली. काहींनी मालिकेबद्दल विचारले आहे, काहींनी मालिकेच्या निमित्ताने समुपदेशनाबद्दलच्या मनातल्या शंका मांडल्या आहेत. मी स्वतः समुपदेशनाचे काम करते आणि विनोदी मालिका आवडीने पाहते, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या पत्रांना मनापासून उत्तरे द्यावीशी वाटली.

प्रश्न : 'हेड केस'मध्ये जेफ गोल्डब्लम, जेसन प्रीस्टली यांच्यासारखे खरेखुरे नट स्वतःच्याच नावाने रुग्ण म्हणून येतात. मग ते तिथे जे सांगतात ते खरे असते का? आपले दुखणे असे चारचौघांत मांडायला ही मंडळी तयार तरी कशी होतात?
— एक वाचक, पुणे

नाव खरे असते, चेहरा खरा असतो, पण समोर बसलेला माणूस ही एक रचलेली भूमिकाच असते. हा प्रकार 'हेड केस'ने शोधून काढलेला नाही. 'द लॅरी सँडर्स शो' या १९९२ ते १९९८ दरम्यानच्या मालिकेत एका काल्पनिक गप्पांच्या कार्यक्रमात खरे कलाकार पाहुणे म्हणून स्वतःच्या नावाने येत आणि कॅमेरा बंद झाल्यावर बरेच कमी शोभेसे वागत. पुढे २००० साली सुरू झालेल्या 'कर्ब युवर एन्थुझिअॅझम'ने आणि ब्रिटनमधल्या 'एक्स्ट्राज'ने हीच वाट आणखी रुंद केली. प्रेक्षकांच्या मनात त्या कलाकाराविषयी जी प्रतिमा आधीच असते, म्हणजे अमका फार आत्मप्रौढ आहे, तमक्याची ओळख एकाच जुन्या भूमिकेपुरती उरली आहे, त्या प्रतिमेला कलाकार स्वतःच हात घालतो आणि ती थोडी फुगवून आपल्यासमोर ठेवतो. लोक आपल्या पाठीमागे जे बोलतात ते आपणच त्यांच्या तोंडावर बोलून दाखवले, तर त्या बोलण्याची धार आपल्या हातात येते. नावाजलेली माणसे अशा भूमिका आनंदाने का स्वीकारतात याचे उत्तर मला त्यातच दिसते. खरे दुखणे मात्र तिथे येत नाही, आणि येऊही नये.

'हेड केस'मधले संवाद मोठ्या प्रमाणावर उत्स्फूर्त आहेत. प्रसंगाची चौकट ठरलेली असते, पण नेमके शब्द कलाकार तिथल्या तिथे शोधतात. त्यामुळे डॉ. गुड काही भलतेच बोलून गेल्या की समोरच्या कलाकाराच्या चेहऱ्यावर क्षणभर जी चलबिचल उमटते, ती पाठ केलेल्या वाक्यानंतरच्या चलबिचलीपेक्षा निराळी असते. मालिका पाहताना बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे पाहावे, असे मी आवर्जून सुचवीन.

डॉ. गुड यांची भूमिका करणाऱ्या अॅलेक्झँड्रा वेंटवर्थ यांना काही वाचकांनी पूर्वी पाहिलेले असेल. 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेच्या १९९५ सालच्या सूप विकणाऱ्या तिरसट माणसाच्या गाजलेल्या भागात नायक जेरीची मैत्रीण झालेल्या त्याच.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. मुलीच्या आग्रहाखातर या मालिकेचे काही भाग पाहिले. एक बाई समोरच्याचा सतत पाणउतारा करते, याला विनोद का म्हणायचे, हे मला खरोखर समजले नाही. आपण समजावून सांगावे.
— एक वाचिका, कोल्हापूर

आपला आक्षेप मी गांभीर्याने घेते, कारण नुसता पाणउतारा हा माझ्याही मते विनोद नव्हे. पण इथे हसू येते ते पाणउताऱ्यामुळे नाही, तर खोलीतल्या लक्षाची दिशा उलटल्यामुळे, असे मला वाटते.

खऱ्या थेरपिस्टच्या खोलीची मांडणी कशी असते ते आधी पाहू. दोन खुर्च्या किंवा एक सोफा आणि एक खुर्ची. त्या अगदी समोरासमोर न ठेवता किंचित तिरक्या ठेवतात, म्हणजे समोरच्याला नजर चुकवावीशी वाटली तर ती चुकवता येते. हाताशी कागदी रुमालांचा खोका असतो. घड्याळ बहुधा रुग्णाच्या पाठीमागच्या भिंतीवर किंवा बाजूच्या फळीवर असते. मान न वळवता आणि मनगटाकडे न पाहता वेळ कळावी हा त्यामागचा हेतू, कारण डॉक्टरांनी मनगटावर नजर टाकलेली दिसली की बोलणारा माणूस आखडतो. ही सगळी मांडणी एकाच गोष्टीसाठी असते : त्या पाऊण तासात महत्त्वाचा माणूस एकच, आणि तो म्हणजे बोलायला आलेला.

आता त्या जागी एखादा प्रसिद्ध नट बसवा. त्याच्या आयुष्यात सगळीकडे तोच मध्यभागी असतो. हॉटेलात, विमानतळावर, नातेवाइकांच्या लग्नात लोक त्याच्याकडेच पाहतात. मन मोकळे करायला तो ज्या एका खोलीत आला आहे, नेमक्या तिथेच त्याला अशी बाई भेटते जिला त्याच्याहूनही अधिक लक्ष हवे आहे. तिचे स्वतःचे प्रेमप्रकरण, तिच्या तक्रारी, दुसऱ्या कुणा रुग्णाची हकिगत यांपुढे त्याचे दुखणे मागे पडते. पैसे देऊन आलेला माणूस श्रोता होतो. बिचारा सभ्यपणे मान डोलावतो, एखादी सूचना देऊन पाहतो आणि शेवटी तिची समजूत काढू लागतो. जगभर ज्याचे ऐकले जाते त्याला इथे ऐकून घ्यावे लागते, आणि आपण हसतो ते त्याला.

थेरपिस्टला घेऊन विनोद करण्याच्या इतर रीतीही अमेरिकी दूरचित्रवाणीने हाताळल्या आहेत आणि त्यांच्या शेजारी ठेवले की 'हेड केस'चे वेगळेपण कळते. 'कॉमेडी सेंट्रल' वाहिनीवर १९९५ साली सुरू झालेली 'डॉ. कॅट्झ, प्रोफेशनल थेरपिस्ट' ही रेखाटलेल्या हलत्या चित्रांची (अॅनिमेशन) मालिका मला फार प्रिय आहे. तिथे सोफ्यावर येऊन बसणारे रुग्ण बहुतेक करून रंगमंचावर एकट्याने विनोद सांगणारे कलाकार असत, तेही स्वतःच्या नावाने. ते आपले विनोद सांगत आणि डॉ. कॅट्झ शांतपणे अधूनमधून एखादा प्रश्न विचारत. त्या चित्रांतल्या रेषा सतत थरथरत असतात. माणूस स्तब्ध बसलेला असला तरी त्याची कडा हलत राहते. तांत्रिकदृष्ट्या ही कमी खर्चात हालचाल दाखवण्याची युक्ती होती, पण अस्वस्थ मनाच्या माणसांच्या चित्रांना ती इतकी शोभते की मुद्दाम योजल्यासारखी वाटते. मग संगीत सुरू होते, वेळ संपल्याचे डॉक्टर सांगतात आणि सत्र आटोपते. डॉ. कॅट्झ यांच्या घरची कटकट, म्हणजे मोठा होऊनही घरातच ठाण मांडून बसलेला मुलगा बेन, ही घरीच राहते. रुग्णाच्या वेळेत ती शिरत नाही. तिथला विनोद रुग्णाच्या बोलण्यातून येतो, 'हेड केस'मधला डॉक्टरच्या बोलण्यातून.

लिसा कुड्रो यांची 'वेब थेरपी' २००८ साली आधी इंटरनेटवर आली आणि २०११ पासून 'शोटाइम' वाहिनीवर दिसू लागली. तिची नायिका फिओना वॉलिस संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर बसून तीन मिनिटांची सत्रे घेते. लोक पाऊण तास स्वप्ने आणि भावनांबद्दल बोलत बसतात आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही, असा तिचा दावा. तिथेही मोठमोठे कलाकार आले, अगदी मेरिल स्ट्रीपसुद्धा, पण ते काल्पनिक पात्रांच्या भूमिकेत. करोनाच्या काळात आम्हा सर्वांनाच पडद्यावरून सत्रे घ्यावी लागली, तेव्हा ही मालिका मला वारंवार आठवत असे.

प्रश्न : डॉ. फिंकेलस्टाइन हे वयस्कर डॉक्टर मालिकेत कशासाठी आहेत? त्यांच्याशिवायही गोष्ट चालली असती, असे वाटते.
— एक वाचक, सोलापूर

चालली असती, पण पांगळी चालली असती. डॉ. मायरन फिंकेलस्टाइन हे डॉ. गुड यांच्यासोबत एकाच कार्यालयात बसतात. ते जुन्या वळणाचे डॉक्टर. नियम मोडणाऱ्याच्या शेजारी नियम माहीत असलेला माणूस उभा असला तरच मोडतोड किती झाली ते मोजता येते. ही भूमिका करणारे स्टीव्ह लँड्सबर्ग हे 'बार्नी मिलर' या सत्तरच्या दशकातल्या पोलीस ठाण्यावरच्या विनोदी मालिकेतले शांत, बुद्धिमान डिटेक्टिव्ह डिट्रिच म्हणून अमेरिकी प्रेक्षकांना परिचित होते. चेहऱ्यावरची रेष न हलवता वाक्य टाकण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. २०१० साली त्यांचे निधन झाले. 'हेड केस' हे त्यांच्या अखेरच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक होय.

प्रश्न : मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. डॉ. गुड जे करतात ते प्रत्यक्षात घडले, तर अमेरिकेत त्यांच्यावर कारवाई होईल का? त्यांनी नेमके कोणते नियम मोडले आहेत, हे अभ्यासाच्या दृष्टीने जाणून घ्यायला आवडेल.
— एक वाचिका, नागपूर

कारवाई होईल, आणि तिची सुरुवात परवान्यापासून होईल. कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञांना परवाना देणारे राज्याचे मंडळ आहे. ते तक्रारींची चौकशी करते आणि परवाना स्थगित किंवा रद्दही करू शकते. 'अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन' या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची आचारसंहिता तर आपल्याला पाठ्यक्रमातही भेटेल.

सर्वांत उघड उल्लंघन गोपनीयतेचे. गोपनीयता म्हणजे रुग्णाने सांगितलेली हकिगत बाहेर न सांगणे, एवढाच अर्थ बरेच जण घेतात. प्रत्यक्षात अमुक व्यक्ती आपल्याकडे येते ही गोष्टच गोपनीय असते. नामवंतांच्या बाबतीत तर तेवढी एक ओळ बाहेर गेली तरी पुरेशी बातमी होते. म्हणूनच अनेक थेरपिस्टांच्या खोलीला आत येण्याचे दार वेगळे आणि बाहेर पडण्याचे वेगळे असते. आधीचा रुग्ण आणि नंतरचा रुग्ण यांची गाठ पडू नये, याची ती व्यवस्था. डॉ. गुड एकाच्या सत्रात दुसऱ्याचे नाव सहज घेतात, तेव्हा प्रेक्षक म्हणून मी हसते, आणि त्याच क्षणी व्यावसायिक म्हणून माझ्या पोटात गोळा येतो.

अमेरिकेत या गोपनीयतेला न्यायालयानेही मोठे बळ दिले आहे. 'जॅफी विरुद्ध रेडमंड' या १९९६ सालच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने थेरपिस्ट आणि रुग्ण यांच्यातील संभाषण संघराज्याच्या न्यायालयांत उघड करायला लावता येणार नाही, असे तत्त्व मान्य केले. न्यायालयाची भूमिका अशी की, आपले बोलणे उद्या कोर्टात वाचले जाईल ही भीती असेल तर माणूस मोकळा होणारच नाही आणि मग उपचारच संभवणार नाहीत. याला अपवादही आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली 'टॅरासॉफ' खटल्यात असे ठरवले की, रुग्णाकडून एखाद्या व्यक्तीच्या जिवाला गंभीर धोका आहे हे थेरपिस्टला कळले, तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे थेरपिस्टचे कर्तव्य ठरते. हे दोन निर्णय आपण शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. आपल्या व्यवसायातला सर्वांत अवघड ताण त्या दोहोंमध्येच आहे.

दुसरे उल्लंघन स्वतःविषयी बोलण्याचे. इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण विद्यार्थी याचा अर्थ फार ताणतात आणि स्वतःविषयी अवाक्षरही काढायचे नाही असे समजून दगडासारखे बसतात. आई गमावलेल्या तरुणाला 'मीही यातून गेले आहे' असे एक वाक्य सांगितल्याने त्याला धीर येत असेल, तर ते वाक्य उपचाराचाच भाग आहे. पण त्या वाक्यानंतर त्याला माझी चौकशी करावी लागली, माझे सांत्वन करावे लागले, तर त्याचा वेळ मी खाल्ला. सांगितलेली गोष्ट कोणाच्या उपयोगाची, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. डॉ. गुड तो कधीच विचारत नाहीत.

तिसरी बाब दुहेरी नात्यांची. रुग्णाशी मैत्री, भागीदारी, देणेघेणे किंवा प्रेमसंबंध यांपैकी काहीही उपचाराच्या नात्यात मिसळले की थेरपिस्टचा निर्णय निर्मळ राहत नाही. चालू रुग्णाशी शरीरसंबंधांवर आचारसंहितेत संपूर्ण बंदी आहे, आणि उपचार संपल्यावरही किमान २ वर्षे ती लागू राहते. त्यानंतरसुद्धा अगदी अपवादात्मक परिस्थितीतच मुभा आहे. आणखी एक नियम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याचे उपचार सुरू आहेत अशा रुग्णाकडून आपली प्रशंसा लिहून मागायची नाही. 'अमुक तारका माझ्याकडे येते' हे ज्या शहरात धंदा वाढवण्याचे सर्वांत सोपे साधन आहे, तिथे या नियमाचे मोल किती असेल ते आपल्या ध्यानात येईलच.

प्रश्न : विनोद बाजूला ठेवून विचारतो. प्रसिद्ध माणसांच्या बाबतीत डॉक्टर असे वाहवत गेल्याची खरी उदाहरणे आहेत का?
— एक वाचक, ठाणे

आहेत, आणि ती वाचल्यावर 'हेड केस' पाहताना येणारे हसू थोडे जपून येते.

सर्वांत ठळक उदाहरण 'द बीच बॉइज' या कॅलिफोर्नियाच्या वाद्यवृंदाचे प्रतिभावान संगीतकार ब्रायन विल्सन आणि मानसशास्त्रज्ञ युजीन लँडी यांचे. साठच्या दशकात अप्रतिम संगीत रचून विल्सन हळूहळू मानसिक आजार आणि अमली पदार्थ यांच्या कचाट्यात सापडले आणि घराबाहेर पडेनासे झाले. १९७५ साली कुटुंबीयांनी लँडी यांना बोलावले. लँडी यांची पद्धत चोवीस तासांच्या देखरेखीची होती. रुग्णाने काय खायचे, केव्हा उठायचे, कोणाला भेटायचे हे सगळे डॉक्टर ठरवणार आणि त्यांची माणसे सावलीसारखी सोबत राहणार. विल्सन यांनी खाण्यावर ताबा ठेवावा म्हणून त्यांच्या फ्रिजला कुलूप घातले गेले होते. वर्षभराने हे उपचार थांबले, पण १९८२ साली प्रकृती फारच ढासळल्यावर लँडी यांना पुन्हा पाचारण करण्यात आले.

या दुसऱ्या खेपेचा सुरुवातीचा परिणाम चांगला दिसला, हे नोंदवायलाच हवे. विल्सन यांचे वजन उतरले, ते पुन्हा काम करू लागले. पण डॉक्टर खोलीतून बाहेर पडलेच नाहीत. ते रुग्णाचे व्यवसायातले भागीदार झाले, आर्थिक सल्लागार झाले, आणि १९८८ साली विल्सन यांचा स्वतंत्र गीतसंग्रह आला तेव्हा निर्मितीच्या आणि गीतलेखनाच्या श्रेयनामावलीत डॉक्टरांचेही नाव होते. कॅलिफोर्नियाच्या यंत्रणेकडे तक्रारी गेल्या आणि १९८९ मध्ये लँडी यांना परवाना सोडावा लागला. तरीही संबंध तुटला नाही. अखेर कुटुंबीयांनी न्यायालयात धाव घेतली आणि १९९२ साली लँडी यांना विल्सन यांच्या संपर्कात राहण्यास मनाई झाली. लँडी २००६ मध्ये गेले. विल्सन पुढे पुष्कळ वर्षे मैफली करत राहिले आणि जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या हकिगतीत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती गीतलेखनाची गोष्ट. औषधांचा किंवा पैशांचा गैरवापर निदान ओळखता तरी येतो. रुग्णाच्या प्रतिभेत वाटा मागण्याची इच्छा मात्र डॉक्टरला स्वतःला प्रेमासारखी, सहकार्यासारखी भासू शकते.

दुसरे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे, कारण त्यातले डॉक्टर लोभी नव्हते. मेरिलिन मन्रो यांच्यावर अखेरच्या काळात राल्फ ग्रीनसन हे लॉस एंजेलिसमधले अत्यंत मान्यवर मनोविश्लेषक उपचार करत होते. मनोविश्लेषणाच्या तंत्रावर त्यांनी पुढे लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो. मन्रो यांना लहानपणी स्थिर घर मिळाले नाही, तेव्हा घराची ऊब हीच त्यांची गरज आहे अशा समजुतीने ग्रीनसन यांनी त्यांना आपल्या घरी येऊ-जाऊ दिले. कुटुंबातल्या माणसांशी त्यांची मैत्री झाली, सत्रांनंतर त्या तिथेच जेवायला थांबू लागल्या. ऑगस्ट १९६२ मध्ये मन्रो गेल्या. त्या मृत्यूचा ठपका या आपुलकीवर ठेवणे मी बरोबर मानत नाही. पण डॉक्टर हाच घरचा माणूस झाला, की घरच्या माणसांविषयीची तक्रार सांगायला रुग्णाने जायचे कुठे, हा प्रश्न त्या घटनेनंतर आमच्या व्यवसायाला कायमचा चिकटला.

आणि रुग्ण प्रसिद्ध असला की धोका बाहेरूनही येतो. व्हिएतनाम युद्धाविषयीची गुप्त कागदपत्रे वृत्तपत्रांना देणारे डॅनियल एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना बेव्हर्ली हिल्समध्ये होता. सप्टेंबर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयाच्या माणसांनी तो दवाखाना फोडला. एल्सबर्ग यांना बदनाम करता येईल असे काही त्यांच्या फाइलीत सापडते का, हे त्यांना पाहायचे होते. ही घरफोडी उजेडात आल्यावर, सरकारच्या अशा गैरवर्तनामुळे १९७३ साली एल्सबर्ग यांच्यावरचा खटलाच न्यायाधीशांनी रद्द केला. कुलूपबंद कपाटातली एक फाइल देशाच्या राजकारणात एवढी किमती ठरू शकते, तर ती सांभाळणाऱ्याने किती जपून असावे याचा विचार करावा.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. अभ्यासाच्या ताणामुळे तो गप्प गप्प राहतो. त्याने समुपदेशकाकडे जावे असे मला वाटते, पण घरात सगळे म्हणतात की हे लोक बाहेर सांगत फिरतात, टीव्हीवर नाही का दाखवत! खरेच असे होते का? आपल्याकडे याला काही कायदा आहे का?
— एक आई, जळगाव

ताई, आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. आपल्याकडे याला कायदा आहे आणि तो चांगला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातील कलम २३ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयी आणि उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क आहे, आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचे बंधन आहे. कलम २४ प्रमाणे संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही. कुणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असणे असे काही मोजके अपवाद आहेत. चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत हे अपवाद आपण होऊन सांगतो. त्याने सांगितले नाहीत तर मुलाने विचारावेत, त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

एक गोष्ट आपल्याला कदाचित थोडी जड जाईल. मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे तो आत काय बोलला हे समुपदेशक आपल्यालाही सांगणार नाही. हा आपल्यावरचा अविश्वास नव्हे. आईला न सांगता येण्यासारखे काही त्याच्या मनात असेल, तर ते बोलायला त्याला जागा मिळते आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कोणाकडे जायचे याची मात्र नीट चौकशी करावी. औषधे देऊ शकणारे मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि त्यांची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधांऐवजी मानसशास्त्रीय उपचार करणारे तज्ज्ञ, यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. नुसते 'काउन्सेलर' असे लिहिलेली पाटी पाहून समाधान मानू नये. शिक्षण कुठे झाले, कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम केले, हे स्पष्ट विचारावे. पहिले पाऊल टाकायला अवघड वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे फोन करायला पैसे लागत नाहीत आणि मराठीतूनही बोलता येते. मुलाने कधी जगणे नकोसे झाल्याचे बोलून दाखवले, तर भेटीची वेळ मिळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी त्या क्रमांकावर किंवा जवळच्या रुग्णालयात संपर्क साधावा, आणि तोवर त्याला एकटे ठेवू नये.

आणि घरातल्या मंडळींना माझा निरोप सांगावा. डॉ. गुड ज्या पद्धतीने वागतात त्या पद्धतीने कुणी वागत नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असते म्हणूनच तिला पाहून हसू येते. सगळेच डॉक्टर तसे असते, तर कुणीही हसले नसते.

प्रश्न : या विषयावरच्या मालिका पाहायच्या झाल्यास कोणत्या क्रमाने पाहाव्यात?
— एक वाचक, मडगाव

माझी आवड विचाराल, तर आधी 'फ्रेझर'. १९९३ ते २००४ दरम्यानच्या या मालिकेतले सिअॅटलचे डॉ. फ्रेझर क्रेन रेडिओवरून श्रोत्यांच्या अडचणी सोडवतात. त्यांना फोन करणाऱ्या श्रोत्यांचे आवाज बहुधा नामवंत कलाकारांचे असत, पण चेहरा दिसत नसे. आवाज कोणाचा हे ओळखण्याचा खेळ कुटुंबाला एकत्र खेळता येतो. मग 'डॉ. कॅट्झ', मग 'हेड केस'. 'वेब थेरपी'चे सुरुवातीचे इंटरनेटवरचे भाग अगदी छोटे आहेत, ते मधल्या वेळात पाहून होतील. हे सर्व पाहून झाल्यावर खरी सत्रे साधारण कशी चालतात याची कल्पना हवी असेल, तर इस्रायली मालिकेवरून घेतलेली 'इन ट्रीटमेंट' ही २००८ सालची मालिका पाहावी. ती विनोदी नाही. तिच्यातल्या बहुतेक भागांत एका खोलीत दोन माणसे बोलत असतात, दुसरे काहीच घडत नाही, म्हणून ती रोज एकच भाग या बेताने पाहिलेली बरी.